कान असलेला कप

आमच्या मंडळीचे किस्से सांगायला मी बसले की आमचे मास्तर पायात चपला सरकवायचे. म्हणायचे, "सुरुवातीला हसवतेस आणि मग सगळ्यांची जेवणं बिघडवतेस." आता मास्तर नाहीत, तेव्हा मला अडवणारं कोणी नाही. बसा!

मंडळी म्हणजे आमची ख्रिस्ती मंडळी. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की सणसरच्या अलीकडं, कालव्याच्या काठाला आमची वस्ती होती. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे, म्हणून मी साऱ्या वस्तीची मास्तरीणबाई. देऊळ म्हणजे वर पत्रा, खाली सारवलेली जमीन आणि दाराबाहेर एक ओटा. पुरुष डाव्या सतरंजीवर, बायका उजव्या. वरकुटं, डाळज अशा आजूबाजूच्या गावांतली आमची माणसंही तिथंच यायची. आमचे पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, बारामतीला राहायचे, सायकलवरून यायचे. बाकी कारभार पंचांचा, आणि पंचांत चालायचं एकाचंच, शमुवेलतात्यांचं!

घरात खायची मारामार, पण दानधर्मात आमची मंडळी सगळ्यांच्या पुढं. आणि चार भली माणसं दुसऱ्याचं भलं करायला एकत्र बसली ना, की किस्से साठतातच. आमच्याकडं तर धान्य कमी साठायचं आणि किस्सेच जास्त.

*

आमच्या घराघरांत चुलीजवळ दोन मडकी असायची. एक घरचं, एक मुठीचं. दळायला ज्वारी घेतली की आधी एक मूठ त्या दुसऱ्या मडक्यात टाकायची. ती मूठ आपली नाही, ती दर्यापारच्या महारोग्यांची. आफ्रिकेत कुठंतरी मिशनचा महारोग्यांसाठी आश्रम होता, त्यांची मूठ. खरं तर ज्वारी बारामतीच्या बाजारात विकली जायची आणि तिचे पैसे तिकडं जायचे. पण आम्हा बायकांच्या डोक्यात एकच, की आफ्रिकेतले लोक आमच्या ज्वारीची भाकरी खातात!

शनिवारी तात्या पोतं घेऊन दारोदार फिरायचे. उंच, हाडकुळे, डोक्याला पांढरं पागोटं. मडक्यात नुसतं डोकवायचे आणि कुठल्या घरानं हात आखडला ते ओळखायचे. एकदा वरकुट्याच्या यशवंताच्या घरी गेले. यशवंता पैलवान गडी, बायको काडीसारखी.

"मूठ कोन टाकतंय?" तात्यांनी विचारलं.

"मीच की," बायको म्हणाली.

"तुजी मूठ ती केवडी! घरात खातंय कोन जास्ती? यशवंता. मंग मूठ बी यशवंताचीच पायजे!"

झालं! तेव्हापासून फर्मान निघालं की मूठ नवऱ्यानंच टाकायची. सकाळी सकाळी बाप्ये चुलीपुढं रांगायला लागले. यशवंता रडकुंडीला आला. म्हणाला, "मास्तरीणबाई, माजी आय इचारती, लगीन केलंस का चुलीवर नोकरी धरलीस?"

फक्त एका मडक्यात तात्या कधी डोकावले नाहीत. ते राहेलबाईंचं. राहेलबाई विधवा. कालव्याची कामं चालू होती तेव्हा डोक्यावरून माती वाहून त्यांनी एकुलत्या एक पोराला वाढवलं, शिकवलं. त्या मूठ टाकायच्याच नाहीत, ओंजळ टाकायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "एक माजी आन एक माज्या योहानची."

*

देणं काही एकाच बाजूनं नव्हतं हं! आम्ही आफ्रिकेला द्यायचो आणि विलायतेकडच्या बाया आम्हाला द्यायच्या. वर्षातून एकदा तिकडून मोठं लाकडी खोकं यायचं.

एका वर्षी खोकं आलं ते ऐन वैशाखात. उघडलं तर आत लोकरीचे कोट! जाड, गुडघ्याच्या खाली येणारे, कॉलरला केसाळ कातडं. आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. तात्यांनी मात्र एकेक कोट वाटला आणि बजावलं, "कुनीतरी आपल्या अंगावरचं काडून दिलंय. ऐतवारी समद्यांनी घालून यायचं. तेंचा मान ठिवायचा!"

त्या रविवारी वर तापलेला पत्रा आणि खाली लोकरीत गुंडाळलेली अख्खी मंडळी. पाळकसाहेब नरकाच्या अग्नीवर बोलत होते. यशवंता बसल्या जागी आडवा झाला. त्याच्या तोंडावर पाणी मारलं, कोट काढला, तेव्हा डोळे उघडून म्हणतो, "सायेब, आग कळली. आता म्होरचं सांगा!"

त्याच खोक्यात एक पिसांची टोपी होती. मंडळीतला डाळजचा एक भाऊ ती घेऊन गेला आणि त्यानं बुजगावण्याला घातली. पाखरं घाबरायची सोडून तिच्यावरच बसायला लागली. आणि तळाशी गवतात गुंडाळलेला एक चिनी मातीचा कप होता. निळी फुलं, सोनेरी कान. बशी नाही, जोडीदार नाही. एकट्या कपात चहा द्यायचा तरी कुणाला? तात्यांनी तो देवळातल्या कपाटात ठेवून दिला. "ऱ्हाऊ द्या. कवातरी उपेगी पडंल."

*

मग एकदा पुण्याहून मडमबाई कॅमेरा घेऊन आल्या. विलायतेत जे दान देतात त्यांना दाखवायला फोटो हवा होता. त्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं, "मुलांना रोजच्यासारखं आणा. रोजचे कपडे. नटवू नका."

दुसऱ्या दिवशी आमच्या बाया पोरं घेऊन हजर! तेल चोपडलेली डोकी, काजळ, कुणाच्या मामाचा सदरा, कुणाच्या आतेभावाच्या लग्नातली जरीची टोपी. दोघी जणी तर टोपीसाठी पहाटे वरकुट्याला जाऊन आल्या होत्या. मध्यभागी तात्या, पागोटं बांधून, अंगात लोकरीचा कोट!

मडमबाईंनी कपाळाला हात लावला. "तात्या, असं कसं? तिकडच्या लोकांना गरिबी दिसायला पाहिजे!"

तात्या जागचे हलले नाहीत. "मडमसायेब, गरिबी हाय ती घरात हाय. ती काय फोटूत मिरवायची चीज हाय व्हय?"

फोटो निघाला. फार देखणा निघाला म्हणे! त्या वर्षी विलायतेहून खोकं आलं नाही.

*

आता तात्यांची एक गोष्ट, ती मात्र हसण्यावारी नेऊ नका.

तात्या बाजाराला जायचे, दिवसभर उन्हात उभे राहायचे, पण बाहेर कधी चहाला शिवायचे नाहीत. मला वाटायचं, चिकटपणा. एकदा मनुका निवडत बसले होते माझ्यासमोर, तेव्हा मी चिडवलं, "तात्या, जीव गेला तरी चालेल, पण चहावर पैसा जाऊ नये, असं ना?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "बारामतीच्या बाजारात हाटील व्हतं. आमच्या लोकांचा कप न्यारा. भाईर वळचनीला कोनाड्यात पालथा घातलेला असायचा. आपणच घ्यायचा, मालक वरनं च्या वतनार, उभ्यानं प्यायचा, धुवून पुन्यांदा पालथा घालायचा. एक दिस उचलला तर आत मुंगळं. म्यां तसाच ठिवला आन घरला आलो. तवापास्नं च्या सोडला."

मनुका निवडता निवडता तात्याच पुढं बोलायला लागले.

"मंग कुनीतरी म्हनलं, मिशनात चल, बघ. गेलो. गोरा पाद्री व्हता. त्यानं प्याला तोंडाला लावला, त्योच प्याला मला दिला. जितं त्याचं ओठ लागलं तितंच माजं लागलं. मास्तरीणबाई, शास्तर मला आजून बी उमगत न्हाय. मी त्या प्याल्यापायी किरिस्ताव झालो."

तुम्हाला आमची रीत माहीत नसेल म्हणून सांगते. वर्षातून मोजक्या वेळा प्रभुभोजन असायचं. मनुका भिजवून, उकळून मी रस गाळून द्यायची. चांदीसारखा चकचकीत, बिनकानाचा एकच प्याला. पाळकसाहेब प्रार्थना करायचे आणि प्याला तात्यांच्या हातात द्यायचे. तात्यांच्या खांद्यावर पांढरं फडकं. एकेकानं घोट घ्यायचा, तात्यांनी फडक्यानं कड पुसायची, पुढच्याला द्यायचा. सगळ्यांचं झालं की वाढणाऱ्यानं प्यायचं, शेवटी, जे उरलं असेल ते. एक थेंब सांडलेला तात्यांना खपायचा नाही. प्याला घेऊन फिरताना त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! असा चेहरा मी पुन्हा कुणाचा बघितला नाही.

*

राहेलबाईंचा योहान मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर झाला होता. हसरा, सावळा, बोलण्यात पटाईत. आफ्रिकेच्या त्या आश्रमातून निरोप आला की जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला माणूस पाहिजे. योहान म्हणाला, मी जातो.

आमच्या मंडळीला आकाश ठेंगणं झालं! बायकांनी जुनी धोतरं फाडून पट्ट्या काढल्या, उकळल्या, वाळवल्या आणि गुंडाळून पेटी भरली. निरोपाच्या दिवशी तात्या ओट्यावर उभे राहिले. आवाज असा चढलेला की कालव्याच्या पलीकडं ऐकू जावा.

"आजपातुर आपण मूठ धाडली. आता हात धाडतोय! लांबनं सेवा होत न्हाय. रोग्याला हात लावावा लागतोय, जवळ बसावं लागतंय! दर्यापार मानूस धाडणारी आपली मंडळी हाय, ध्यानात ठिवा!"

टाळ्या पडल्या. राहेलबाई तेवढ्या हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तात्या, आन त्याला तितं काय झालं तर?"

"झालं तर मंडळी हाय की!" तात्या म्हणाले.

योहाननं आईच्या खांद्यावर हात टाकला. "आई, पयलं जाऊन बघतो, तुजी जवारी कोन खातंय तितं!"

काही महिन्यांनी त्याचं पत्र आलं, मास्तरांनी देवळात वाचलं. मजेत आहे, काम फार आहे. आणि पुढं, इथले लोक मका खातात, ज्वारी कुणी डोळ्यानं पाहिलेली नाही! बायकांत एकच गलबला. राहेलबाई उठून उभ्या राहिल्या. "मंग इतक्या वर्साच्या आमच्या मुठी गेल्या कुठं?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. पण पुढचे कितीतरी दिवस त्या बायका तात्यांच्या पोत्याकडं संशयानं बघत होत्या.

*

काही वर्षांनी योहान परत आला तेव्हा मी मास्तरांबरोबर बारामतीच्या स्टेशनावर गेले होते. गाडीतून उतरला, हसला, नमस्कार केला. हात जोडले तेव्हा दिसलं. डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली होती आणि मनगटावर फिकट चट्टा होता. मी बघितलं हे त्यानंही बघितलं.

"व्हय मास्तरीणबाई," तो म्हणाला. "तितलंच घेऊन आलोय."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की घरी राहू दे, महारोगावरची कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शनं चालू ठेवा, घाबरायचं कारण नाही. राहेलबाईंनी पुरणपोळ्या केल्या आणि पोराला शेजारी बसवून एका ताटात जेवल्या. आई ती!

पंच बसले. दार लावून बसले. उठले तेव्हा तात्यांनी निर्णय सांगितला. योहाननं उपासनेला यायचं, जरूर यायचं, पण बसायचं बाहेर ओट्यावर. आणि प्रभुभोजनाला त्याचा प्याला वेगळा. तात्यांनी स्वतः कपाट उघडून तो निळ्या फुलांचा कप काढला, फडक्यानं पुसला. "बघा, विलायती हाय. असला कप कुनाच्या घरात न्हाय!"

राहेलबाईंनी कपाकडं बघितलं नाही. "तात्या, तुमी म्हनला व्हता, मंडळी हाय."

"हाय की. म्हून तर कप दिला."

मला तेव्हा तात्यांचा असा राग आला होता, म्हणून सांगू! पण पंचांचं ठरलेलं. पाळकसाहेबसुद्धा चष्मा पुसत बसले.

पहिल्या प्रभुभोजनाला तात्या दाराशी गेले. ओट्यावर योहान कप धरून बसला होता. तात्यांनी वरूनच, कपाला प्याला लागू न देता, रस ओतला. योहान प्यायला. मग उठला, रांजणातल्या पाण्यानं कप धुतला आणि ओट्याच्या कोनाड्यात पालथा घातला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.

मी तात्यांकडं बघितलं. ते पत्र्याकडं बघत होते.

उपासना सुटल्यावर योहानच म्हणाला, "अख्ख्या मंडळीत कान माज्याच कपाला हाय बरं का! तुमचा बिनकानाचा!" सगळे हसले, सुटल्यासारखे हसले. राहेलबाई हसल्या नाहीत.

*

आता हा किस्सा ऐका आणि मग मला सांगा, रडायचं का हसायचं!

आफ्रिकेला पट्ट्या पाठवणं चालूच होतं. बायका देवळात बसून गुंडाळायच्या, ढिल्याढाल्या. ओट्यावरून योहान बघायचा. एक दिवस त्याला राहवलं नाही. "अशी ढिली पट्टी बांधता बांधता सुटती. द्या हिकडं." त्या वाकड्या करंगळीच्या हातानं त्यानं दुपारभर बसून टोपलीभर पट्ट्या गुंडाळल्या. काय घट्ट, काय सारख्या!

संध्याकाळी पेटी भरताना यशवंताच्या बायकोनं ती टोपली बाजूला सरकवली.

"का गं?" मी विचारलं.

"न्हाय, म्हंजी... त्याचा हात लागलाय. महारोग्यास्नी कशा धाडायच्या?"

आणि बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या! एकीलाही काही वावगं वाटलं नाही. मी तोंड उघडणार तोच ओट्यावरून योहानचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या वहिनी. तितल्या रोग्यास्नी माजा रोग लागला म्हंजी?" आणि पोटभर हसला.

ती टोपली राहेलबाई डोक्यावर घेऊन घरी गेल्या. मी बरोबर चालत होते. अर्ध्या वाटेवर त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, माजं येकच मागनं हाय. माज्या लेकानं येकदा, फकस्त येकदा, समद्यांच्या प्याल्यातनं प्यावं. मंग मला काय नगं."

*

ते मागणं मागायला त्या कधी चुकल्या नाहीत. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की तात्यांच्या दारात जाऊन उभ्या. एकदा मीच त्यांच्याबरोबर गेले होते.

"तात्या, म्होरं नगं, मधी बी नगं. समद्यांच्या मागनं द्या त्याला. अगदी शेवटी. मंग तरी कुनाची हरकत न्हाय ना?"

तात्या दावं वळत होते. हात थांबला. मग हळूच म्हणाले, "शेवटी मी असतो, राहेलबाई."

तात्यांनी पुन्हा दावं वळायला घेतलं. "म्होरल्या बारीला बघू."

पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. योहान आईला म्हणायचा, "सोड की, आई. रस त्योच हाय."

"रस त्योच हाय रं," राहेलबाई म्हणायच्या, "पर प्याला त्यो न्हाय."

पावसाळा सरला. कालव्याच्या कडेनं डबकी साचली, डास झाले, आणि वस्तीत घरटी हिवतापाचं अंथरूण पडलं. आमचे मास्तरही कुडकुडत होते. मडमबाईंनी तापावरचं कोयनेल पाठवलं. सगळे उठले, योहान उठला नाही. म्हणजे बघा, ज्या रोगापायी त्याला ओट्यावर बसवला त्यानं तो गेलाच नाही. तुमच्याआमच्या घरातल्या तापानं गेला.

शेवटच्या दिवशी राहेलबाई तात्यांकडं गेल्या होत्या. पाळकसाहेबांना बोलवा, प्याला आणा, म्हणून. तात्या म्हणाले, रविवारी. रविवार यायच्या आत सगळं संपलं.

खांदा द्यायला मात्र माणसं कमी पडली नाहीत हं! यशवंता आला, पंच आले, वरकुट्याची आली, डाळजची आली. सगळ्यांत पुढं तात्या. मेलेल्याला हात लावायला आपली माणसं कधी मागं हटत नाहीत. मी हे तेव्हाच मोठ्यानं म्हणाले होते, स्मशानात. मास्तरांनी माझा दंड धरला. तात्यांनी ऐकलं, आणि मान खाली घातली. माझा राग तरीही उतरला नाही.

*

त्यानंतरचं प्रभुभोजन. आता हे एवढंच सांगते आणि थांबते.

मी रस गाळून दिला. मंडळी जमली. राहेलबाई आत आल्याच नाहीत. दाराबाहेर ओट्यावर, योहान बसायचा त्याच गोणपाटावर जाऊन बसल्या. कोनाड्यातला कप घेतला, पदरानं धूळ पुसली आणि मांडीवर धरून ठेवला.

मी बोलवायला उठले. "आत चला, राहेलबाई."

"न्हाय. माजी जागा हितंच हाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. तात्या प्याला घेऊन निघाले. डावी सतरंजी झाली, उजवी झाली. घोट, फडकं, घोट, फडकं. माझाही घोट झाला. मग तात्या दाराशी गेले.

"राहेलबाई, घ्या," त्यांनी प्याला पुढं केला, सगळ्यांचा, बिनकानाचा.

राहेलबाईंनी निळ्या फुलांचा कप वर धरला. "ह्यात वता, तात्या."

"तुमास्नी कशाला त्यात? तुमी ह्यातनं घ्या की."

"ज्यातनं माजा लेक प्याला त्यातनंच मी पिनार. वता."

पाळकसाहेब उभे राहिले होते. तात्यांनी प्याला वाकडा केला आणि उरलेला होता नव्हता तेवढा सगळा रस त्या कपात ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत. स्वतःला काही ठेवलं नाही.

राहेलबाईंनी घोट घेतला. कप खाली ठेवला नाही. आत अजून रस होता.

तात्या रिकामा प्याला धरून उंबऱ्यात उभे होते. एकदा त्यांनी आमच्याकडं बघितलं, सगळ्या मंडळीकडं. मग उंबरा ओलांडून बाहेर गेले. प्याला ओट्यावर ठेवला, खांद्यावरचं पांढरं फडकं काढून त्याच्या शेजारी ठेवलं आणि पागोट्यासकट, धोतर सावरत, योहानच्या गोणपाटावर राहेलबाईंच्या शेजारी खाली बसले. दोन्ही हात पुढं केले.

"द्या," ते म्हणाले. "शेवटी मी असतो."

राहेलबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग कपाच्या कडेकडं बघितलं, जिथं त्यांचे ओठ लागले होते तिथं.

"पुसून दिऊ, तात्या?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "तसाच द्या."